अॅग्रोव्हिजनला दोन दिवस : पत्रकांची पिशवी घरीच ठेवा

मागच्या खेपेला नागपूरला अॅग्रोव्हिजन, म्हणजे शेतीचं मोठं प्रदर्शन, पाहून आलो तेव्हा पिशवीभर रंगीत पत्रकं आणली होती, आईनं ती चुलीत घातली अन् मी कोणाशी बोललो हे मलेच आठवेना. यंदा ठरवूनच गेलो. मिनी डाळमिल घ्यायचीये, तूर जानेवारीत निघते, तर त्याआधी मशीनवाले, योजनेची माहिती असणारा कोणीतरी अन् आधीच मिल चालवणारा कास्तकार, अशी तीन माणसं गाठायची, बाकी ट्रॅक्टर-ड्रोन पाहणं बोनस.

आधी जायचं सांगतो. मेळावा पूर्वी रेशीमबागेत भरायचा, आता दाभ्याला कृषी विद्यापीठाच्या मैदानावर असतो. आपण कारंजा (घाडगे), तळेगाव, कोंढाळीकडून येणारे, तर गणेशपेठ स्टँडपर्यंत जायचं कामच नाही, वाडीलाच उतरायचं अन् तिथून ऑटो. कंडक्टरला बसतानाच विचारून घ्या, सगळ्या गाड्या थांबतातच असं नाही. पहिल्या दिवशी उद्घाटन, मंत्री, पोलीस, शाळेची पोरं, स्टॉलवाला तुमच्याकडं पाहतसुद्धा नाही. मी दुसऱ्या दिवशी गेट उघडताच घुसलो, तासभर निवांत बोलता आलं.

आता मुख्य गंमत. आपल्या वावरातली चार किलो तूर सोबत नेली होती. स्टॉलवर मशीन चालू असते पण ते टाकतात त्यांचीच निवडलेली, वाळवलेली तूर, मग डाळ सोन्यासारखी पडणारच ना. म्हटलं भाऊ, हे टाकून दाखव. पोरगा आधी कां-कूं करत होता, मग टाकली, अन् चुरी, म्हणजे तुटकी डाळ, एवढी पडली का विचारू नका. त्याच्यानंतर तो खरं बोलायला लागला, तूर आधी तेलपाणी लावून किती वाळवायची, उतारा खरा किती धरायचा, रोलरवरचा एमरी, म्हणजे साल काढणारा खरबरीत थर, घासला तर कुठं भरून मिळतो. लाईनचंही विचाराच. गावात थ्री फेज कधी रात्री येते, तर सिंगल फेजची मोटर बसते का?

जेवणाच्या लाईनीत दारव्ह्याकडचे एक काका भेटले, सहा वर्षांपासून मिल चालवतात. ते म्हणाले, "मशीन नोको पाहू, मेकॅनिक पाय. तुह्या तालुक्याच्या जवळ यायची मशीन कोणाकडं हाय, त्याचा नंबर माग अन् तिथूनच फोन लाव." लावला. पलीकडचा माणूस म्हणे मशीन बरी आहे, पण बिघडली का आठ दिवस वाट पाहावी लागते. ती कंपनी तिथंच कटली. भाषणं ऐकून हे कळलं असतं का?

सबसिडीचं जपून. "सगळं आम्ही करून देतो, फक्त बुकिंगचे पैसे टाका" म्हणणारे दोन भेटले. पीएमएफएमईत, म्हणजे लहान अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्राच्या योजनेत, 35 टक्के मिळतात, जास्तीत जास्त 10 लाख, पण ती कर्जाला जोडलेली असते, म्हणजे आधी बँक, अन् किमान 10 टक्के आपल्या खिशातले. अर्ज भरायला जिल्हा संसाधन व्यक्ती असते, मदतीला. तालुका कृषी कार्यालयात नंबर मिळते. मैदानात कोणालाच अॅडव्हान्स देऊ नका बावा, मागं एकदा पाच हजार टाकून बसलो होतो, ते अजून येऊन राहिले.

कार्ड घेतलं का मागं लगेच दोन शब्द लिहा, "तूर टाकून पाहिली, चुरी जास्त" असं. फोनमध्ये नाव सेव्ह करताना पुढं "डाळमिल" टाका, नाहीतर महिन्यानं हा कोणता संजय तेच समजत नाही. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी मी सगळ्यांना फोन लावले, पाचातल्या दोघांनीच कोटेशन पाठवलं, त्यात एकानं जीएसटी अन् गाडीभाडं वेगळं लिहिलं होतं, तेव्हा तेही विचारा.

अन् परत येताना पाचच्या आत निघा, गणेशपेठहून येणारी बस वाडीला भरूनच येते, मी कोंढाळीपर्यंत उभ्यानं आलो, पायात तुरीची पिशवी धरून.