रिकामी पाकिटं मोजणारीचं मत

गेल्या महिन्यात ताईशी फोनवर कडकडून भांडले. विषय ना जमिनीचा, ना दागिन्यांचा. विषय ब्रिटन परदेशांना देत असलेल्या मदतीचा. ताई पंचवीस वर्षं इंग्लंडमध्ये आहे, तिथे कर भरते, तिथे मत देते. तिच्या राहत्या गावातलं वाचनालय 2019 मध्ये पैसे नाहीत म्हणून बंद झालं. ती तिथे दर शनिवारी लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवायची. आता ती आणि आणखी चार-पाच बायका मिळून, एका जुन्या इमारतीतल्या उसन्या खोलीत, आठवड्यातून दोन दिवस तेच वाचनालय चालवतात. फुकट, अर्थातच.

"आधी पोटोबा, मग विठोबा," ताई म्हणाली. "आमच्याकडे वाचनालयांना टाळं लागतंय आणि सरकार जगभर पैसे वाटत सुटलंय."

मी पेशाने हिशेब तपासनीस. आयुष्यातली चौदा वर्षं परदेशी निधीवर चालणाऱ्या प्रकल्पांच्या वह्या तपासण्यात गेली. त्यामुळे पहिला प्रश्न सवयीनेच तोंडातून गेला, "वाटतं म्हणजे किती वाटतं? सरकारने खर्च केलेल्या शंभर पौंडांतले किती बाहेर जातात, अंदाजाने सांग."

"दहा तरी."

एक. फार तर एकावर थोडे पेन्स. ताईचा अंदाज चुकला यात तिचा दोष नाही. अमेरिकेत वर्षानुवर्षं लोकांना हाच प्रश्न विचारला जातोय आणि लोकांचं सरासरी उत्तर केंद्राच्या खर्चाच्या पाव हिश्श्याच्या आसपास येतं. खरा आकडा एक टक्क्याच्या आगेमागे. श्रीमंत देशांनी राष्ट्रीय उत्पन्नाच्या 0.7 टक्के रक्कम द्यावी, असं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 1970 मध्ये ठरवलं होतं. आज तिथपर्यंत पोचणारे देश एका हाताच्या बोटांवर मोजता येतात: नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, लक्झेंबर्ग. 2024 मध्ये सगळ्या देणाऱ्या श्रीमंत देशांची मिळून सरासरी 0.33 टक्के होती. ब्रिटनने 2015 मध्ये 0.7 चा कायदा केला, 2021 मध्ये ते 0.5 वर आणलं आणि आता 2027 पर्यंत 0.3 वर नेणार आहे.

"2021 मध्ये तुमचे वर्षाला चार अब्ज पौंड वाचायला लागले," मी म्हटलं. "तेव्हा उघडलं का तुझं वाचनालय?"

ती गप्प. मी उगाच जिंकल्याच्या थाटात पुढे बोलत राहिले. चार अब्ज म्हणजे ब्रिटनचा सरकारी आरोग्यखर्च साधारण आठवडाभर चालेल एवढी रक्कम. आणि 2025 च्या फेब्रुवारीत पंतप्रधान स्टार्मर यांनी 0.3 ची घोषणा केली, तेव्हा वाचणारे पैसे कुठे जाणार तेही त्यांनीच सांगितलं होतं. संरक्षणाकडे. वाचनालयाचं नाव त्या भाषणाच्या जवळपासही नव्हतं. मदतीचं खातं सांभाळणाऱ्या मंत्री ॲनेलीझ डॉड्स यांनी त्यावरून राजीनामा दिला. म्हणजे 'घरचं की बाहेरचं' हा झगडा लोकांपुढे मांडायचा आणि पैसा तिसऱ्याच कपाटात ठेवायचा.

यावर ताईने जे उत्तर दिलं ते मला अजून टोचतंय. "रक्कम छोटी आहे म्हणून हिशेब मागायचा नाही? तू बोलतेस हे? तू?"

खरं आहे. थोडेच आहेत हो, असं म्हणणाऱ्या किती व्यवस्थापकांना मी आयुष्यात घाम फोडलाय. तेव्हा आकड्याची लहानखोरी बाजूला ठेवते आणि त्या एका पौंडाचं काय होतं ते सांगते. तिथे ताईची बाजू तिला वाटते त्याहून भक्कम आहे.

पहिलं म्हणजे, तो पौंड पुष्कळदा घराबाहेर पडतच नाही. आश्रय मागायला आलेल्या माणसांवर पहिल्या वर्षी आपल्याच देशात झालेला खर्च 'परदेशी मदत' म्हणून दाखवायची नियमांत मुभा आहे. 2022 मध्ये ब्रिटनच्या मदतीतला तीन दशांशाच्या आसपासचा भाग असा ब्रिटनमध्येच खर्च झाला, त्यातला बराचसा हॉटेलांच्या बिलांवर. त्या माणसांना छप्पर द्यायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण ते या खात्यात का मांडायचं? माझ्यापुढे अशी नोंद आली असती तर मी लाल पेन काढलं असतं.

दुसरं, आवळा देऊन कोहळा काढणं. ब्रिटनने मलेशियातल्या पेरगाऊ धरणाला मदतीच्या खात्यातून 23 कोटी 40 लाख पौंड कबूल केले. धरण परवडणारं नाही, असा लेखी आक्षेप त्याच खात्याचे सर्वोच्च सनदी अधिकारी टिम लँकेस्टर यांनी घेतला होता. तरी पैसे दिले, कारण मागे शस्त्रविक्रीचा मोठा व्यवहार होता. 1994 मध्ये न्यायालयाने ती मदत बेकायदा ठरवली. आमच्या धंद्यातल्या माणसाला लँकेस्टर यांच्याबद्दल विशेष जिव्हाळा वाटतो. अमेरिकेची अन्नमदत तर वर्षानुवर्षं अशी की धान्य अमेरिकन शेतकऱ्याचं आणि त्यातलं निम्मं तरी अमेरिकन झेंड्याच्या जहाजातूनच जायला हवं, भाडं चढं असलं तरी.

तिसरा आक्षेप सगळ्यात जड आहे आणि तो घेणाऱ्यांच्या बाजूचा आहे. ज्या सरकारचे दवाखाने बाहेरच्या पैशावर चालतात, त्याला स्वतःच्या नागरिकांपुढे उभं राहायची गरज कमी भासते. आफ्रिकेतल्या देशांनी 2001 मध्ये नायजेरियातल्या अबुजाला एकत्र येऊन अर्थसंकल्पाचे 15 टक्के आरोग्यावर खर्च करू असा शब्द दिला. बहुतेकांनी तो पाळला नाही. बाहेरून औषधं येत राहिली नसती तर पाळला असता का? कोण जाणे. पण शंका घेण्यासारखी जागा आहे.

एवढं सगळं कबूल करूनही मी मदतीच्या बाजूची का, याचं कारण वहीत सापडणारं नाही. ते उत्तर केनियातल्या एका पोषण केंद्रात सापडलं.

तुर्काना भागातला रखरखीत माळ, पत्र्याची शेड, आत लाकडी टेबल. मी तिथे पाकिटं मोजायला गेले होते. कुपोषित मुलांना देतात ती शेंगदाण्याच्या लगद्याची पाकिटं, त्यात दूधपावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वं. एक पाकीट 92 ग्रॅमचं, 500 कॅलरीचं. पाणी घालायचं नाही, शिजवायचं नाही, कोपरा फाडून मुलाच्या तोंडाला लावायचं. एका मुलाला सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणजे साधारण दीडशे पाकिटांचा एक खोका. कुठलं मूल घ्यायचं ते एक कागदी पट्टी ठरवते. दंडाभोवती गुंडाळायची, साडेअकरा सेंटिमीटरच्या आत घेर भरला की पट्टीवर लाल रंग दिसतो. साडेअकरा सेंटिमीटर म्हणजे किती, हे मला कागदावर माहीत होतं. तिथल्या नर्सने ती पट्टी माझ्या अंगठ्याभोवती गुंडाळून दाखवली आणि मग एका पोराच्या दंडाभोवती. दोन्हींत फारसा फरक नव्हता असं मला वाटलं. असेलही. मी नीट बघू शकले नाही.

आया पुढच्या आठवड्याची पाकिटं न्यायला येताना मागची रिकामी पाकिटं परत आणतात. विकली नाहीत, याचा पुरावा. तर माझं काम काय, रिकामी पाकिटं मोजणं. चिकट, मुंग्या लागलेली. त्या दिवशी 312 गेलेली, 301 परत आलेली. अकरा कुठे? नर्सने नोंदवहीतलं एक नाव दाखवलं. पुढे 'गैरहजर'. त्या घरातली माणसं गुरं घेऊन पाण्याच्या शोधात निघून गेली होती, अकरा पाकिटं आणि मूल घेऊन. मी अहवालात लिहिलं: फरक 11, कारण स्थलांतर. नर्स मात्र दुसऱ्याच कारणाने बेचैन होती. त्या मुलाचा उपचार अर्धा राहिला होता. अर्ध्यावर सुटलेलं मूल पुन्हा लाल पट्टीत यायला वेळ लागत नाही, म्हणाली.

इथे माझं मत बनलं आणि ते ताईच्या आणि मदतवाल्या मंडळींच्या, दोघांच्याही मताशी जुळत नाही. किती द्यावं, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. ब्रिटनने 0.7 द्यावेत की 0.4, हे ब्रिटनच्या मतदारांनी ठरवावं. ताईच्या वाचनालयावर तिचा हक्क आहेच, तो कुणाच्या भुकेपुढे लहान ठरवायचा मला अधिकार नाही. पण उपचार सुरू केलेत तर मध्येच हात काढून घ्यायचा नाही. 2025 च्या जानेवारीत अमेरिकेने काय केलं? 20 तारखेला परदेशी मदतीला नव्वद दिवसांच्या स्थगितीचा आदेश, 24 ला कामं थांबवा अशी पत्रं. चार दिवसांनी जीवनरक्षक कामांना सूट दिली, पण पैसे सोडणारी यंत्रणाच ठप्प, तर सूट घेऊन करायचं काय? एचआयव्हीची गोळी रोज घ्यायची असते. तिला स्थगिती नसते. त्याच वर्षी जुलैत दुबईच्या गोदामात पडून राहिलेली जवळपास 500 टन पौष्टिक बिस्किटं मुदत संपली म्हणून जाळायचं ठरलं. विकत घेतलेली, वाहून आणलेली, जाळण्याचा खर्च वेगळा. घरच्या गरजेसाठी पैसे वाचवले, असं यातल्या कुठल्या रकान्यात लिहायचं?

आणि जे काम शेवटपर्यंत नेलं, त्याचा हिशेब कसा दिसतो तेही बघा. देवीचा रोग घालवायची जोरकस मोहीम 1967 ला सुरू झाली. सगळ्या जगाचा मिळून खर्च सुमारे 30 कोटी डॉलर. नैसर्गिकरीत्या देवी झालेला शेवटचा माणूस 1977 मध्ये सोमालियात सापडला, अली माओ मालीन नावाचा, रुग्णालयात स्वयंपाकी होता. तो बरा झाला आणि पुढे पोलिओच्या मोहिमेत लोकांना लस घ्या म्हणून सांगत फिरला. 1980 मध्ये रोग संपल्याचं जाहीर झालं. तेव्हापासून श्रीमंत देशांचाही सरसकट देवीची लस टोचण्याचा, तपासणीचा खर्च थांबला. 1975 मध्ये कुणी, आता पुरे, आधी घरचं बघू, असं म्हणाला असता तर?

हे सगळं मी ताईला एका दमात ऐकवलं. तिने ऐकून घेतलं. मोठी बहीण आहे, तिला माझी ही सवय माहीत आहे.

"मग कमी द्यायला तुझी हरकत नाही," ती म्हणाली.

"सांगून, मुदत देऊन, टप्प्याटप्प्याने. आणि हॉटेलांची बिलं वेगळ्या वहीत."

"मला 0.3 पण जास्तच वाटतात."

"वाटू देत."

थोडा वेळ दोघी काहीच बोललो नाही. मग तिने विचारलं, "त्या अकरा पाकिटांचं पुढे काय झालं?"

मला माहीत नाही. अहवाल गेला, फाइल बंद झाली. तसं सांगितलं, तर ती म्हणाली, "एवढं मोजलंस आणि तेवढंच नाही विचारलंस?" आणि फोन ठेवला. तिकडे शनिवारची सकाळ होती. वाचनालयाची किल्ली तिच्याकडे असते.