खाडे

"पाय दुखतोय, की गोळीच हाक मारतेय?"

नौपाड्यातल्या केमिस्टकाकांनी जुनी चिठ्ठी परत करत विचारलं. ट्रामाडॉल, माझी दुखण्यावरची गोळी, 2018 पासून एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात आहे, नवीन चिठ्ठी लागेल म्हणाले. असला राग आला!

मागच्या रविवारी हिरोगिरी करून गोळी एकदम बंद केली होती. रात्रभर घाम, जांभया, नाक गळतंय. वाटलं, व्हायरल. सकाळी एक गोळी घेतली आणि 'व्हायरल' तासा-दोन तासांत गायब. तेव्हाच कळायला हवं होतं. गुडघा तर कधीच बरा झालाय.

आज डॉक्टरांना खरं सांगितलं. ओरडले नाहीत. डोस हळूहळू उतरवायचा, त्रास वाढला तर तिथेच थांबून फोन करायचा.

कॅलेंडरवर तारखांना गोल केलेत, दुधाच्या खाड्यांशेजारीच. आई विचारतेय, "हे कसले रे खाडे?"

काय सांगू तिला?