हिरव्या पट्ट्यातली माणसं

सासूबाईंना काचबिंदू आहे. त्यांचा ओसीटी, म्हणजे डोळ्यातल्या पडद्याच्या थरांची जाडी मोजणारा स्कॅन, काढायचा असला की सोबत मीच जाते. रिपोर्टवर हिरवा, पिवळा, लाल असे रंग असतात आणि त्यांच्याकडे लालच जास्त. एकदा डॉक्टरांना विचारलं, लाल म्हणजे कोणाच्या तुलनेत? म्हणाले, "त्याच वयाच्या निरोगी माणसांच्या. त्यांची मापं मशीनमध्ये भरलेली असतात. आमच्या अभ्यासाला तशी माणसं हवीच आहेत, येता का?"

आपण निरोगी आहोत या भरवशावर हो म्हटलं. ते सिद्ध करायला अख्खा शनिवार जाणार आहे हे तेव्हा माहीत नव्हतं. फोनवर "तासाभराचं काम" असं सांगितलेलं. डोंबिवलीहून दादर, तिथून स्लो लोकलने परळ. पोचले तेव्हा दहा वाजले होते, सुटले दोनला.

आधी संमतीपत्र. मराठीतच, पण काय मराठी! ओसीटीसाठी जो शब्द घातला होता, तो वाचताना तिथली मुलगीसुद्धा दोनदा अडखळली. शेवटी म्हणाली, "काकू, सोनोग्राफीच समजा, फक्त आवाजाच्या जागी प्रकाश." (चव्वेचाळिसाव्या वर्षी काकू. असो.) कामाच्या गोष्टी मात्र स्वच्छ लिहिल्या होत्या: कारण न देता कधीही बाहेर पडता येईल, नावाऐवजी कोड नंबर जाईल, पैसे मिळतील ते प्रवासखर्चाचे. सही केलेली एक प्रत मागून घ्या, मी घेतली.

मग चौकशी. शुगर? डोळ्याचं ऑपरेशन? स्टेरॉइड? घरात काचबिंदू? "सासूबाईंना," मी म्हटलं. "त्या रक्ताच्या नाहीत ना, मग चालेल." चष्म्याचा नंबर सहाच्या आत हवा होता, माझा उणे साडेचार. डोळ्यातला दाब 15 निघाला. 21पर्यंत ठीक मानतात.

घोळ झाला तो फील्ड टेस्टला, म्हणजे नजरेचा आवाका तपासतात त्या परीक्षेला. एक डोळा झाकून भांड्यासारख्या पांढऱ्या पडद्यात बघायचं आणि बारीक दिवा चमकला की बटण दाबायचं. सगळे दिवे पकडायचेच, असं ठरवून मी पटापट दाबत सुटले. मशीन तेही मोजतं. "तुम्ही दिवा नसतानाही दाबताय," मुलगी म्हणाली. पुन्हा पहिल्यापासून. परीक्षेत जास्त हुशारी केल्यासारखं वाटलं.

बाहुली मोठी करायचे थेंब चुरचुरतात आणि थोड्या वेळाने घशात कडू उतरतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. अर्ध्या तासाने ओसीटी. हनुवटीच्या टेकूवर टिश्यू, कपाळ पट्टीला, समोर निळं फुलीचं चिन्ह. डोळ्याला काहीच लागत नाही, फक्त एक लालसर रेघ सरकत जाते. पापणी न मिटता थांबायचं. नेमकी तेव्हाच ती मिटावीशी वाटते. तीनदा "परत घेऊ या" झालं, मग कृत्रिम अश्रूंचे थेंब घातले तेव्हा कुठे चित्र नीट आलं. स्क्रीनवर माझ्या डोळ्यातला पडदा, थरावर थर, मधे एक खळगा. बाकरवडी आडवी कापल्यासारखा. पाच-सहा मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) इतका बारीक तपशील दिसतो म्हणे.

आणि माझ्या चित्रात एका जागी पिवळा! पोटात धस्स झालं. डॉक्टरांनी समजावलं: निरोगी माणसांच्या थराच्या जाडीची मापं ओळीने लावली तर सगळ्यात पातळ पाच टक्के पिवळ्यात जातात आणि त्यातला शेवटचा एक टक्का लालमध्ये. म्हणजे काही निरोगी माणसं रंगात अडकणारच. त्यात माझा डोळा लांबट, 25 मिलिमीटरच्या वर. सर्वसाधारण डोळा 23-24चा असतो. उणे नंबरवाल्यांचा थर मशीनला पातळ वाटतो. फील्ड टेस्ट स्वच्छ, डोळ्याची नस चांगली, म्हणून मी निरोगीच. अशा डोळ्यांची मापंही जमवायला हवीत, असं ते म्हणाले. मला हे तिथल्या सगळ्या चहा-बिस्किटांपेक्षा बरं वाटलं.

परतीचा प्रवास वाईट. एप्रिलचं दुपारचं ऊन, बाहुल्या वाटीएवढ्या, इंडिकेटरवर नुसता पसरलेला उजेड. "ही डोंबिवली थांबते ना?" असं दोघींना विचारून चढले. चष्म्यातून मोबाईल दिसेना. मग चष्मा काढून तो नाकाशी धरला, तर अक्षर न् अक्षर स्पष्ट. साडेचार नंबरचा एवढा एकच फायदा. जाणार असाल तर गॉगल न्या आणि उरलेला दिवस मोकळा ठेवा.

घरी सासूबाई वाटच बघत होत्या. "म्हणजे आता मला सुनेच्या मापाने मोजणार होय?"

"तुम्हाला नाही हो आई, माझ्या वयाच्यांना. तुमच्या वयाचे निरोगी डोळे त्यांना मिळत नाहीयेत. मोतीबिंदू नाही, शुगर नाही, असं कोण सापडणार?"

त्यांनी क्षणभर विचार केला. "तळमजल्यावरच्या माईंना विचार. ऐंशीच्या आहेत, अजून सुईत दोरा ओवतात. पण तासाभराचं काम असं सांगू नकोस."