धुमेची कणीक

माऊलींच्या वारीत पुण्यातच माझं चुकलं. दोन्ही बाजूंना माणसं दाटलेली, गॅलऱ्यांतून फुलं पडतायत आणि गळ्यात पखवाज. हात आवरेचना. प्रत्येक थाप पुढच्या चौकात ऐकू गेली पाहिजे, अशा हट्टानं वाजवत होतो. दिवेघाट चढेपर्यंत उजव्या अनामिकेला भेग पडली, सासवडला चिकटपट्टीतून रक्त झिरपलं. विणेकरी बुवा एवढंच म्हणाले, "माऊली, पंढरपूर अजून लांब आहे."

जेजुरीचा भंडारा, वाल्ह्याची रात्र, नीरेवरचं पादुकांचं स्नान, सगळं आता एकात एक मिसळलंय. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. अश्व इतक्या जवळून गेले की टापांची धूळ पखवाजाच्या शाईवर बसली. मी ती पुसली नाही.

मनात ठाण मांडून बसलीय ती तरडगाव ते फलटण ही वाट. 21 किलोमीटर, आणि आभाळात ढग नाही. टाचेचा फोड सकाळीच फुटला होता. पखवाजाचा पट्टा खांद्यात रुतत होता. त्यात मागच्या ओळीतला एक पोरगेला टाळकरी लय ओढायला लागला. ज्ञानोबा-तुकाराम चाललंय पावलाच्या लयीत, आणि हा अर्धी मात्रा पुढे. दोनदा वळून बघितलं. तो डोळे मिटून गात होता, त्यामुळे राग जास्तच आला. माऊलींच्या नावाचा गजर तोंडात आणि मनात त्या पोराला शिव्या, असा मी तासभर चाललो. त्याला जागेवर आणायचं म्हणून आणखी जोरानं वाजवलं. भेग पुन्हा उकलली.

मग पखवाजाची डावी बाजू, म्हणजे धूम, पुरती गेली. घुमाऱ्यासाठी तिच्यावर थापलेली कणीक सकाळपासून उन्हानं वाळत होती, आता ती तडकली आणि तिचे पापुद्रे रस्त्यावर पडायला लागले. घुमारा संपला. डबा वाजवावा तसा आवाज.

विसाव्याला दिंडी थांबली तशी मी रस्त्याकडेच्या वस्तीवर गेलो. पत्र्याच्या पडवीत एक बाई वारकऱ्यांसाठी चपात्या लाटत होत्या. परातीत कणकेचा हा मोठा गोळा. म्हटलं, "माऊली, पखवाजाला थोडी कणीक मिळेल का?" त्यांनी गोळ्याला हात घातला आणि थांबल्या. "ह्यात त्याल-मीठ हाय. चालंल का तुमास्नी?"

खरं तर नव्हतं चालणार. तेलाची कणीक चामड्याला धरत नाही. पण त्यांच्या चुलीवर तवा तापलेला, दारात माणसं जेवायला बसलेली. मी म्हटलं, चालेल. त्यांना ते पटलं नसावं. तवा उतरवला, डब्यातून मूठभर पीठ काढलं आणि नुसत्या पाण्यात मळायला बसल्या.

मी त्यांच्या हातांकडे बघत राहिलो. बोटं सैल, मनगट सैल. खांद्यापासून सगळा भार तळहाताच्या टाचेवर यायचा, कणीक दबायची आणि लगेच हात उचललेला. चेहऱ्यावर कसलाही ताण नाही. सकाळपासून किती घरचं पीठ मळलं असेल त्यांनी! आळंदीला गुरुजींनी पहिला महिनाभर माझ्याकडून फक्त 'ता' आणि 'धा' घोटून घेतलं होतं. एकच सांगायचे, "मारू नकोस रे, हात पडू दे. पडला की उचल." मान डोलवायचो. तीस वर्षांनी ते मला या पडवीत दिसलं.

घरीही माझं असंच असतं. मुलीची परीक्षा असो, ऑफिसातला मार्चअखेरचा हिशेब असो, दात-ओठ खाऊन भिडायचं आणि पहिल्या आठवड्यातच संपून जायचं. त्यालाच मी उत्साह म्हणत आलो.

बाईंनी गोळा हातावर ठेवला. माझं बोट बघितलं, आत गेल्या, खोबरेल तेलात हळद कालवून आणली. नाव विचारायचं राहून गेलं. पाया पडायला वाकलो तर त्याच आधी वाकल्या.

धुमेवर कणीक थापली, पाण्याचा हात फिरवला आणि थाप टाकली. पोटात घुमली. दिंडी उठली. जोर केला नाही, बोट तो करूही देत नव्हतं. हात पडत होता, उठत होता. दोन अभंग झाले असतील, लक्षात आलं की मागचा टाळ बरोबर समेवर येतोय. तो पोरगा पळत नव्हताच. सकाळपासून धूम वाळत गेली तसं त्याला टेकायला काही उरलं नव्हतं, आणि मी मात्र वळून डोळे वटारत होतो. पुढच्या विसाव्याला त्याला अर्धं केळं दिलं. त्यानं हसून घेतलं. त्याला काही ठाऊकच नव्हतं.

फलटणला समाजआरतीच्या वेळी अंधारत आलं होतं. सगळ्या दिंड्या एकाच वेळी टिपेला. चोपदारांनी दंड उंचावला, 'होऽऽ' असा पुकारा झाला आणि हजारो टाळ एका क्षणात थांबले. माझा डावा तळवा धुमेवर टेकला होता. खाली चामडं अजून बारीक थरथरत होतं.

रात्री तंबूत बॅटरीच्या उजेडात कणीक खरवडून काढली. एरवी बाहेर भिरकावतो. त्या रात्री फडक्यात बांधून ठेवली आणि सकाळी बरडच्या वाटेवर एका गाईला चारली.