दोन बोटं, चार बोटं

रोवणी सुरू झाली की आमच्या वॉर्डात खाटा कमी पडतात. दिवसभर पाण्यात वाकून धान लावायचं, वरून पाऊस, आणि तहान लागली तरी बांधावर जायला सवड नाही. सिकलसेलच्या माणसाला गारठा आणि कमी पाणी, दोन्ही वैरी. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग रात्री मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून कुणाला तरी आणतात. "हाडं फुटून राह्यली जी मॅडम."

गडचिरोलीत कुरखेड्याकडे मी सव्वीस वर्षं काढली. हा आजार मी निवडला असं म्हणवत नाही. कॉलेजात तो अर्ध्या तासात उरकला होता: पहिली नोंद १९१०, शिकागो, डॉ. हेरिक; रुग्ण ग्रेनाडाहून आलेला दंतवैद्यकाचा विद्यार्थी. "आफ्रिकी लोकांत" असं वहीत लिहून मी पान उलटलं. भारतात तो १९५२ मध्येच निलगिरीच्या आदिवासींत सापडला होता आणि आमच्या गोंड, परधान, बौद्ध वस्त्यांत घरोघरी होता, हे मला नोकरीत कळलं.

तेही उशिरा. पहिल्याच वर्षी एका दोन वर्षांच्या मुलीची आई म्हणाली, "पोट कडक लागते जी." मी डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, पांढरी होती. रक्त कमी, म्हणून लोहाचं सिरप आणि जंताचं औषध लिहून दिलं. पोटावर हात ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी गेल्याचा निरोप आला. पाणथरीत, म्हणजे प्लीहेत, रक्त साचून राहिलं की काही तासांत मूल पांढरंफटक पडतं, आणि आईने मला नेमकं तेच सांगितलं होतं.

पुढे वाचनात आलं की जमैकात डॉ. ग्रॅहॅम सर्जंट यांच्या दवाखान्यात आयांनाच पाणथरी चाचपायला शिकवलं आणि असे मृत्यू खूप घटले. त्यासाठी मशीन लागत नाही. मीही सुरू केलं. आधी हात चोळून गरम करायचे, नाहीतर लेकरू पोट आवळून घेतं. त्याला उताणं निजवायचं, डाव्या बरगडीखाली बोटं अलगद दाबायची. माझा हात त्यांच्या हातावर. पाणथरी किती बोटं खाली आली ते लक्षात ठेवायचं. सेंटिमीटर मी कधीच शिकवले नाहीत.

एका रात्री अशीच एक बाई दारात उभी. "काल दोन बोटं होती, आता चार झाली." तीन वर्षांचा पोरगा खांद्यावर मान टाकून. रक्ताची पिशवी जिल्ह्याच्या गावाहून येईपर्यंत मी चार वेळा पोट तपासलं. रक्त थोडंच द्यायचं असतं, कारण पाणथरी सैल पडली की अडकलेलं रक्त परत फिरतं आणि हिमोग्लोबिन एकदम वर चढतं. पहाटे त्याने बिस्किट मागितलं.

औषधाचं वेगळंच दुखणं. हायड्रॉक्सीयुरिया रोज घेतलं तर कळा कमी येतात, पण कुणी दुकानदार हमखास सांगतो, "हे तर कॅन्सरचं." झालं, गोळ्या छपराच्या वाशात खोचल्या जातात. आणि लग्नाचा हिशेब तर विचारू नका. नवराबायको दोघंही वाहक, म्हणजे स्वतः आजारी नाहीत, पण प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. एक मूल आजारी झालं म्हणून बाप खूश: "चारात एक ना? तो झाला. आता तिघं चांगले." त्याला पत्त्यांचा नाद, म्हणून म्हटलं, प्रत्येक डावाला पत्ते नव्याने पिसतात ना? तो बराच वेळ गप्प बसला.

२०२३ च्या जुलैत मध्य प्रदेशात शहडोलला सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. नावात "निर्मूलन" आहे. तपासणी व्हावीच, पण वॉर्डातल्या पोरांसमोर हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही.

तो बिस्किटवाला आता सतरा वर्षांचा आहे. यंदा रोवणीला जाऊ नको म्हटलं, तर आईच म्हणाली, "मग कोण जाईन जी?" मी गमबूट आणून दिले. तो हसला. "चिखलात रुततेत, मॅडम." बूट माझ्या टेबलाखालीच आहेत. पाण्याची बाटली मात्र तो घेऊन गेला.