जुन्या लीडरला खाली उतरवताना

सहकारी पतसंस्थांचे हिशोब ज्या डेटाबेसवर चालतात, असा एक डेटाबेस सांभाळण्याचं काम माझ्याकडे आहे. मुख्य सर्व्हर फोंड्याला आमच्या ऑफिसात, त्याची प्रत पणजीला भाड्याच्या रॅकमध्ये. फोंड्याचा सर्व्हर बंद पडला तर आमच्यापैकी कुणीतरी लॉग-इन करून पणजीच्या प्रतीला मुख्य करायचं, अशी जुनी पद्धत. जून ते सप्टेंबर ती फार ताणली जायची. झाड पडतं, वीज जाते, फायबर तुटतं, आणि रात्री नेमका कुणाचा फोन लागेल याची खात्री नसते. म्हणून हे काम माणसाच्या हातून काढून क्लस्टरकडे, म्हणजे आपसात ठरवून चालणाऱ्या मशीनच्या गटाकडे, सोपवायचं ठरलं. त्यातल्या मुख्य सर्व्हरला लीडर म्हणतात.

आमच्या टीमच्या प्रमुखांना ऑफिसात सगळे भाई म्हणतात. पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं, "नवा लीडर उभा राहील गो, पण जुना खरंच थांबलाय हे तुला कसं कळणार?" पुढचं सगळं काम या एका प्रश्नाभोवती फिरलं, आणि आजही मला तोच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

फोंडा आणि पणजी यांच्यामधली लिंक तुटली की दोन्हीकडून चित्र सारखंच दिसतं: समोरचा उत्तर देत नाही. तो बंद पडलाय की फक्त रस्ता बंद आहे, हे दोघांपैकी कुणालाच ओळखता येत नाही. अशा वेळी पणजीने स्वतःला लीडर केलं आणि फोंडाही चालूच राहिला, तर एकाच खात्याचे दोन इतिहास तयार होतात. फोंड्याच्या काउंटरवर पैसे भरलेले, पणजीच्या काउंटरवर त्याच खात्यातून काढलेले, आणि दोन्ही ठिकाणची शिल्लक वेगळी. यालाच स्प्लिट-ब्रेन म्हणतात. ते नंतर निस्तरायचं म्हणजे एकेक खातं उघडून माणसांनी बसणं आलं.

दोघांच्या भांडणात तिसरं मत लागतंच. ते आम्ही वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत ठेवलं. तिथल्या छोट्या मशीनवर डेटाबेस नाही, फक्त ईटीसीडी आहे, म्हणजे क्लस्टरचे निर्णय सगळीकडे सारखे नोंदवून ठेवणारा प्रोग्रॅम. फोंडा आणि पणजीलाही तो आहे. अशा तीन नोडमध्ये, म्हणजे मशीनमध्ये, बहुमत दोनचं, म्हणजे एक गेला तरी चालतं. चार केले तर बहुमत तीनचं होतं आणि तरीही एकच गमावता येतो, त्यामुळे चौथ्यावर खर्च करण्यात अर्थ नव्हता. ईटीसीडी आतून राफ्ट वापरतं, म्हणजे मशीननी आपसात एकमत करण्याची एक पद्धत. स्टॅनफर्डच्या दिएगो ओंगारो आणि जॉन आउस्टरहाउट यांनी २०१४ मध्ये मांडलेली ही पद्धत मुळातच समजायला सोपी असावी म्हणून रचलेली आहे. ईटीसीडीचे नोडही आपला एक लीडर निवडतात. एका टर्ममध्ये, म्हणजे निवडणुकीच्या एका फेरीत, प्रत्येक नोड एकच मत देतो आणि जिंकायला बहुमत लागतं, त्यामुळे एका टर्ममध्ये दोन लीडर निवडून येऊच शकत नाहीत.

ईटीसीडी बसवणं सोपं गेलं, स्थिर करायला मात्र वेळ लागला. ईटीसीडीचा हा लीडर विनाकारण बदलत होता. लॉगमध्ये हार्टबीट, म्हणजे लीडरचा 'मी चालू आहे' हा ठरावीक संदेश, वेळेवर गेली नाही, बहुधा डिस्क मंद आहे, अशी तक्रार यायची. कारण खरंच डिस्क होती. ईटीसीडी प्रत्येक नोंद डिस्कवर पक्की झाल्याशिवाय पुढे सरकत नाही, आणि फोंड्याला त्याच डिस्कवर डेटाबेसचा बॅकअपही चालायचा. ईटीसीडीला वेगळी एसएसडी दिली आणि तक्रार थांबली. मूळची वेळ म्हणजे हार्टबीट १०० मिलिसेकंद आणि निवडणुकीची मुदत १००० मिलिसेकंद; तेवढ्यात हार्टबीट आली नाही तर नवी निवडणूक. पावसात हेलकावणाऱ्या लिंकसाठी ती आम्ही तिन्ही ठिकाणी सारखीच वाढवली.

त्यावर पॅट्रोनी बसवलं. पोस्टग्रेसचा, म्हणजे आमच्या डेटाबेसचा, लीडर कोण, हे तेच बघतं. ईटीसीडीमध्ये लीडरच्या नावाची एक किल्ली, म्हणजे एक नोंद, असते आणि तिला मुदत असते. लीडर ती नवी करत राहतो, आणि ती संपली तरच दुसरा लीडर होऊ शकतो. मूळ सेटिंगमध्ये मुदत ३० सेकंद, दर १० सेकंदांनी तपासणी, आणि ईटीसीडीशी बोलणं जमत नसेल तर पुन्हा प्रयत्न करायला १० सेकंद. हे आकडे एकमेकांत अडकलेले आहेत: तपासणीची वेळ अधिक प्रयत्नाच्या वेळेची दुप्पट, ही बेरीज मुदतीच्या वर जाता कामा नये. भाईंच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं. जुना लीडर थांबलाय का, हे पणजीला विचारावंच लागत नाही. किल्लीचं नूतनीकरण जमलं नाही की फोंड्याचं मशीन मुदत संपायच्या आत आपणहून खाली उतरतं आणि फक्त वाचण्यापुरतं उरतं. पॅट्रोनी स्वतःच गोठलं तर? त्यासाठी कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, वॉचडॉग हा पहारेकरी टायमर लावला. त्याला वेळेवर हाक मिळाली नाही तर तो अख्खं मशीन रीसेट करतो. भाईंना हे ऐकून बरं वाटलं, मलाही.

मग प्रतीचा प्रश्न. साध्या, मागाहून जाणाऱ्या रेप्लिकेशनमध्ये, म्हणजे प्रतीकडे नोंदी पाठवण्यात, शेवटच्या काही नोंदी नव्या लीडरकडे नसण्याची शक्यता राहते. ज्याच्या हातात 'जमा' अशी छापील पावती आहे, त्याला ते कसं सांगणार? म्हणून सिंक्रोनस मोड घेतला: पणजीला नोंद पोचल्याशिवाय फोंडा 'झालं' म्हणत नाही. कडक प्रकार घ्यायचा का यावर बराच वाद झाला. त्यात पणजी बंद असेल तर फोंड्यालाही लिहिता येत नाही. भाई म्हणाले, "चवथीच्या आदल्या दिवशी पणजीची लाईट गेली म्हणून फोंड्यातला काउंटर बंद ठेवायचा का?" आम्ही नरम प्रकार घेतला. त्यात एक बारीक गोष्ट आहे आणि ती मला फार आवडते. पणजी गेली तर फोंडा आधी ईटीसीडीमध्ये लिहून ठेवतो की आता सिंक्रोनस प्रत कुणीच नाही, आणि मगच एकट्याने पुढे जातो. तुटून एकटा पडलेला फोंडा ते लिहूच शकत नाही, म्हणून त्याचं 'झालं' बाहेर पडत नाही.

हे डोळ्यांनी बघायचं होतं. एका रविवारी फोंड्याच्या स्विचला लॅपटॉप जोडला आणि दर सेकंदाला एक क्रमांक लिहिणारा छोटा प्रोग्रॅम लावला. उत्तर आलं की तो क्रमांक फाईलमध्ये जायचा. मग बाहेर जाणारी केबल काढली. लॅपटॉप आणि जुना लीडर एकाच बाजूला राहिले, सगळ्यात धोक्याची मांडणी हीच. क्रमांक तिथेच थांबला. कर्सर लुकलुकत राहिला, उत्तर नाही. थोड्या वेळाने कनेक्शन तुटल्याचा संदेश आला, म्हणजे फोंडा खाली उतरला होता. तिकडे पणजीला बसलेल्या सहकाऱ्याने फोनवर सांगितलं, "ताई, माझ्याकडे लीडर दिसतोय, टाइमलाइन एकने वाढलीय." नवा लीडर झाला की डेटाबेसच्या इतिहासाचा हा क्रमांक वाढतो. केबल परत लावल्यावर फोंड्याचा जास्तीचा तुकडा पीजी-रिवाइंड या साधनाने मागे घेतला आणि तो प्रत म्हणून रांगेत आला. फाईलमधला प्रत्येक क्रमांक पणजीत होता. अडकलेला शेवटचा एक मात्र नव्हता, आणि त्याला 'झालं' असं कुणी म्हटलेलंही नव्हतं.

त्या एकासाठी ॲप्लिकेशनमध्ये बदल करावा लागला. उत्तर न मिळालेली नोंद आता पावती क्रमांकासह पुन्हा पाठवली जाते, आणि तो क्रमांक आधीच असेल तर दुसऱ्यांदा जमा होत नाही. क्लस्टर कितीही नीट असला तरी हे काम ॲप्लिकेशनचंच आहे, आणि याकडे लोक फार कमी लक्ष देतात असं माझं मत आहे. ॲप्लिकेशन आणि डेटाबेस यांच्या मधली एचएप्रॉक्सी कनेक्शन योग्य लीडरकडे वळवते, पण अर्धवट राहिलेल्या व्यवहाराचं काय झालं हे तिला माहीत नसतं.

अजून एक प्रसंग माणसाकडेच ठेवलाय. पणजी बंद असताना फोंडा एकट्याने लिहित राहिला आणि नंतर तोही गेला, तर मागे राहिलेल्या पणजीला पॅट्रोनी आपोआप लीडर करत नाही. तेव्हा भाईंना फोन जातो. ही वेळच कमी यावी म्हणून वेर्ण्यालाही डेटाबेसची प्रत ठेवायची आहे. मोठ्या डिस्कची मागणी मंजूर झाली आहे, आणि मे संपायच्या आत ती बसवून तिन्ही ठिकाणांमध्ये एकदा ठरवून लीडर फिरवून बघणार आहोत.