राहिलेलं वाक्य

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी हा विषय मी आपणहून काढत नाही, कारण थोडक्यात सांगता येत नाही आणि अर्धवट सांगितलं तर चुकीचं कळतं.

प्रश्न नेहमी साधारण असाच असतो. "तुमच्या ख्रिस्ती लोकांत म्हणे देवावर नुसता विश्वास ठेवला की तारण होतं, पापांतून सुटका होते. मग चांगलं वागायचं कशाला?" रातपाळीला वॉर्ड शांत झाला की सोबतच्या सिस्टर विचारायच्या. लोकलमध्ये भायखळ्याहून सोबत असणाऱ्या मैत्रिणी विचारायच्या. गेल्या दिवाळीत फराळाचं ताट घेऊन आलेल्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी दारातच विचारलं आणि वर म्हणाल्या, "इतकं सोपं कसं असेल हो?" त्या मनापासून विचारत होत्या. माझं उत्तर त्या वेळी धड जमलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मी मराठी ख्रिस्ती. आमचं मूळ गाव नगर जिल्ह्यातलं. १८१३ साली मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांचं काम पुढे नगरकडे पसरलं, त्यातून आमच्या घराण्यात पणजोबांच्या वेळी ही श्रद्धा आली. आजोबा पोटासाठी मुंबईला आले आणि आम्ही चिंचपोकळीच्या चाळीतले झालो. मी महापालिकेच्या एका रुग्णालयात पस्तीस वर्षं नर्स होते. "तारण कृपेने होतं, कर्मांनी नाही" हे वाक्य मला लहानपणापासून पाठ. कृपा म्हणजे न कमावता मिळालेलं. संडे स्कूलमध्ये त्याबद्दल बक्षीसही मिळालेलं. आणि तरीही चाळिशीच्या उंबरठ्यापर्यंत मी या वाक्याच्या बरोबर उलट जगले.

त्याला कारण एक रात्र. १९८६ साल. शस्त्रक्रिया झालेला एक तरुण मुलगा, तोंडाने काहीही द्यायचं नाही अशी सूचना. तो पाणी मागत होता आणि त्याची आई पुन्हा पुन्हा माझ्याकडे येत होती. वॉर्डात चाळीसच्या वर पेशंट, आम्ही दोघीच. चौथ्यांदा ती आली तेव्हा मी तिच्यावर ओरडले आणि तिला व्हरांड्यात जाऊन बसायला लावलं. पहाटे साडेचारला तो गेला. तो वाचणार नव्हता, हे डॉक्टरांनीही नंतर सांगितलं. पाणी न देणंही बरोबरच होतं. पण ओला गॉज ओठांवरून फिरवता आला असता, आणि तो त्याच्या आईच्या हातात देता आला असता. ती दाराबाहेर राहिली, ती माझ्यामुळे.

त्यानंतर मी देवाशी हिशोब मांडायला लागले. खरोखरची वही होती. डाव्या पानावर चुका, उजव्या पानावर भरपाई. दुसऱ्यांच्या रातपाळ्या घेतल्या. नाताळची सुट्टी सलग सात वर्षं दुसऱ्यांना दिली. दशांशापेक्षा, म्हणजे कमाईच्या दहाव्या हिश्शापेक्षा, जास्त दान टाकलं. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे, चाळीस दिवस एकवेळ जेवले. लोक म्हणायचे, किती सेवाभावी बाई आहे. मला आतून माहीत होतं की मी हप्ते फेडते आहे आणि मुद्दल जराही हलत नाही.

हे सगळं मला कशासारखं वाटायचं, ते सांगायचं तर अण्णांबद्दल सांगावं लागेल. अण्णा, माझे वडील, मिलमध्ये बदली कामगार होते. गिरणगावात वाढलेल्यांना बदली म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगते. कायम कामगार गैरहजर असेल तर त्याच्या जागी घेतला जाणारा, तो बदली. त्याने रोज भोंग्याच्या आधी गेटवर हजर राहायचं. जागा निघाली तर आत, नाही तर घरी परत. आज काम मिळालं म्हणून उद्या मिळेल असं नाही. अण्णा घरातून निघताना आई डबा भरून द्यायची आणि कितीदा तरी तो डबा तासाभरात तसाच घरी यायचा. तसे नऊ वर्षं ते गेटवर उभे होते. जॉबरच्या, म्हणजे कामावर घेणाऱ्या मुकादमाच्या, चेहऱ्याकडे बघत. मला वाटतं, त्या वर्षांत त्यांनी कुणाच्या चेहऱ्याकडे साधं बघितलंच नाही. प्रत्येक चेहऱ्यात त्यांना आज घेतील की नाही हेच दिसायचं.

मी देवाच्या गेटवर अशीच उभी होते. रोज सकाळी नव्याने. काल केलेलं काल संपलं.

मग १९९४ चा नाताळ आला. संडे स्कूलच्या मुलांना घेऊन मी लूकच्या शुभवर्तमानातली उधळ्या पुत्राची गोष्ट बसवली. गोष्ट तुम्हाला माहीत असेल. धाकटा मुलगा वाटणी मागून घेतो, परदेशात सगळं उडवतो, दुष्काळ पडतो, डुकरं चारायची पाळी येते. तेव्हा तो ठरवतो की घरी जावं आणि बापाला काय म्हणायचं ते मनाशी जुळवतो. त्यात तीन गोष्टी असतात. मी पाप केलंय. तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा राहिलो नाही. मला तुमच्या एखाद्या मोलकऱ्यासारखं ठेवा.

धाकट्याचं काम करणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाने हे तिन्ही भाग चोख पाठ केले होते. बापाचं काम करणारा मुलगा अंगाने थोराड आणि उत्साही. तालमीत तो पडद्यामागून धावत आला आणि धाकट्याचं बोलणं चालू असतानाच त्याला मिठी मारून मागे वळून ओरडला, "झगा आणा! अंगठी आणा!" धाकटा त्या मिठीतून कसाबसा डोकं बाहेर काढून रडकुंडीला येऊन म्हणाला, "बाई, माझं एक वाक्य राहिलं!"

मी थोराड मुलाला रागावले. म्हटलं, थांब, त्याचं पुरं होऊ दे. आणि खात्री करायला पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं. पंधरावा अध्याय. तिथे ते वाक्य नव्हतं. डुकरांजवळ बसून जुळवलेलं वाक्य बापासमोर आलंच नाही. मुलगा म्हणतो, मी पाप केलं, मी लायक नाही. आणि "मला मोलकरी करा" इथवर पोहोचायच्या आत बाप नोकरांना हाका मारू लागतो. इतक्या वर्षांत ही गोष्ट मी शंभरदा तरी वाचली असेल. तालीम करणाऱ्या पोरांनी दाखवेपर्यंत मला ते दिसलं नव्हतं.

मुलांना मी खाऊ वाटून लवकर घरी पाठवलं आणि बराच वेळ देवळातल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, बाकावर बसून राहिले.

तो मुलगा बदली व्हायला आला होता. बापाच्या घरी बदली. राबेन, फेडेन, रोज गेटवर उभा राहीन. बापाने त्याला ते मागूच दिलं नाही. आणि त्या गोष्टीतला थोरला भाऊ बघा. तो घर सोडून कधी गेलाच नाही. पण रागावल्यावर काय म्हणतो? इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय आणि तुम्ही मला एक करडूसुद्धा दिलं नाही. म्हणजे तोही घरात राहून मजुरीच मोजत होता. त्याच्याकडेही वही होती. मला धाकट्यापेक्षा त्याचीच जास्त ओळख पटली.

हे काही मला एकटीला सुचलेलं नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. १८८९ साली त्यांनी इथे मुंबईत शारदा सदन काढलं, विधवांसाठी आयुष्य वाहिलं. आणि त्यानंतरही त्यांनी स्वतःबद्दल लिहून ठेवलं आहे की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. रमाबाईंएवढं काम करणारी बाई हे म्हणते, याचा मला फार आधार वाटतो. पुढे त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल मराठीत आणलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, पूर्ण छापून निघालं. एवढं कष्टाचं काम कुणी हप्ते फेडण्यासाठी करत नसतं, असं मला वाटतं.

कुणी म्हणतं, हे तुम्हा प्रोटेस्टंटांचंच ना? वांद्र्याची माझी मैत्रीण ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईकडच्या मूळच्या ख्रिस्ती समाजातली, आणि कॅथलिक. तिच्याशी या विषयावर खूप बोलणं झालं आहे. सोळाव्या शतकात यावरूनच चर्च दुभंगलं, हे खरं. पण १९९९ साली कॅथलिक चर्च आणि लुथरन, म्हणजे मार्टिन लूथरच्या परंपरेतल्या प्रोटेस्टंट, मंडळ्यांच्या जागतिक महासंघाने एकत्र येऊन जाहीरनाम्यावर सह्या केल्या. माणसाला देव स्वीकारतो तो त्याच्या पुण्याईवर नाही, कृपेने, आणि चांगली कृत्यं त्या स्वीकारामागून येतात, हे दोघांनी मिळून मान्य केलं. आणि मराठी माणसाला तर हे परकं वाटायचं कारणच नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईतच झाला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. देवापुढे रिकाम्या हाताने उभं राहणं काय असतं, हे या भाषेला आधीपासून ठाऊक होतं.

आता वहिनींचा प्रश्न. इतकं सोपं कसं?

वॉर्डात रक्ताची पिशवी लावताना गरीब पेशंटचे नातेवाईक विचारायचे, याचे किती पैसे? पैसे नाहीत म्हटलं की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. पण ते रक्त कुणाच्या तरी दंडातून आलेलं असायचं. घेणाऱ्याला फुकट, देणाऱ्याला नाही. क्रुसाबद्दल मी एवढंच सांगू शकते. माझं मुद्दल कुणी माफ करून टाकलं असं नाही. ते दुसऱ्याने भरलं.

आणि चांगलं वागायचं कशाला? बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात सरळ म्हटलं आहे की आत्म्यावाचून शरीर जसं मेलेलं, तसा कृत्यांवाचून विश्वास मेलेला. बायबलमधलाच पौल म्हणतो की माणूस कर्मांनी नाही, विश्वासाने देवाला मान्य होतो. म्हणून लोकांना वाटतं याकोब पौलाच्या विरुद्ध बोलतो. मी नर्स आहे, मला ते नाडीसारखं दिसतं. नाडी लागते म्हणून माणूस जिवंत होत नाही. जिवंत आहे म्हणून नाडी लागते. पण लागत नसेल तर धावत जाऊन डॉक्टरांना बोलवावं लागतं. माझ्या हातून प्रेमाचं काही घडतच नसेल, तर मी विश्वास ठेवते या म्हणण्याची तपासणी व्हायलाच हवी.

ती वही मी त्या नाताळानंतर लिहिली नाही. ती रात्र पुसली गेली असं मात्र नाही. त्या आईचं हिरवं पातळ मला अजून दिसतं. त्यानंतर माझ्या पाळीत मी कुणाच्या आईला बाहेर बसवलं नाही, एवढं सांगते. स्टूल द्यायचे, ओला गॉज हातात द्यायचे. ते कुठे लिहून ठेवावं असं वाटलं नाही.

अण्णांचं राहिलं. १९६६ साली ते कायम झाले. साचा खात्यात. साचा म्हणजे कापड विणायचा माग. आईने गोड केलं. दुसऱ्या दिवशी तर ते भोंग्याच्याही आधी उठले. आई म्हणाली, आता कशाला एवढी घाई? म्हणाले, आता आपला साचा आहे. त्यांच्या साच्याची झाडलोट ते स्वतः करायचे, हे त्यांच्या खात्यातल्या माणसांनी मला सांगितलं आहे.

पण मिलमधलं कायम हे कायम नव्हतं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातल्या कितीतरी जणांना परत आत जाता आलं नाही. अण्णा त्यांतले एक. आईने डबे करायला घेतले, मी नुकती नोकरीला लागले होते. अण्णा खिडकीशी बसून असायचे. पुढच्या वर्षी त्यांनी देवळात येणं सोडलं. कारण कुणाला सांगेनात. शेवटी आमच्या चर्चचे पाळकसाहेब घरी आले, तेव्हा अण्णा म्हणाले, "दानाची पेटी पुढे येते आणि माझ्या खिशात काही नसतं. मुलीच्या पैशाचं टाकून प्रभुभोजन घेऊ?" प्रभुभोजन म्हणजे ख्रिस्ताच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून देवळात घेतात ती भाकर आणि द्राक्षरस.

पाळकसाहेबांनी समजूत घातली नाही. त्यांनी मत्तयाच्या शुभवर्तमानातला द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला वाचून दाखवला. मालक दिवस मावळायच्या तासभर आधी नाक्यावर जातो आणि उभ्या असलेल्यांना विचारतो, दिवसभर इथे रिकामे का उभे आहात? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावलं नाही म्हणून. अण्णांनी त्यांना तिथेच थांबवलं. "हे परत वाचा," म्हणाले. पाळकसाहेबांनी परत वाचलं. त्या मजुरांनाही दिवसाची पूर्ण मजुरी मिळते, ते अण्णांनी ऐकलं की नाही कोण जाणे. आपल्यासारखी माणसं शास्त्रात आहेत, एवढ्यावरच ते अडकले होते.

त्या रविवारी ते आले. पेटी त्यांच्यापुढून गेली. मग प्रभुभोजनाच्या वेळी ते पुढे जाऊन गुडघे टेकून बसले आणि दोन्ही हात ओंजळीसारखे धरले. साच्यावरच्या कामाने बोटं वाकडी झालेली. त्यांत भाकरीचा तुकडा ठेवला गेला. मी दोन ओळी मागे होते. तेव्हा मला फक्त त्यांची लाज वाटली, त्यांच्यासाठी रडू आलं. काय बघितलं ते कळायला मला आणखी अकरा वर्षं लागली.

पुढे त्यांना एका इमारतीत वॉचमनचं काम मिळालं. पण दर शनिवारी दुपारी ते देवळात जाऊन बाकं पुसायचे. कुणी सांगितलं नव्हतं. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एकाने पाहिलं आणि महिन्याला काहीतरी ठरवू या म्हणून विषय काढला. अण्णांनी फडकं बादलीत पिळलं. "घरचंच आहे ना," म्हणाले, आणि पुढच्या बाकाकडे वळले.